बाहुली मोठी झाली म्हणजे डोळा गेला का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच औषधाभोवती फिरणारी निघाली. औषधाचं नाव अ‍ॅट्रोपीन. मी सव्वीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी डोळ्यांचा दवाखाना चालवते. या औषधामुळे घाबरलेली आई आणि या औषधाबाबत निष्काळजी झालेला बाप, दोघांनाही मी जवळून पाहिलं आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देते.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिचा डावा डोळा नाकाकडे वळतो. नंबर काढायच्या आधी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत अ‍ॅट्रोपीनचं मलम लावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की डोळे नुसते काळेभोर दिसायला लागले. उन्हात डोळे उघडेना, पुस्तकातलं वाचता येईना. तोंड लाल झालं, अंगही थोडं गरम लागलं. सासूबाईंनी ट्यूब उकिरड्यावर फेकून दिली. मेडिकलवाला म्हणाला, फवारणीचं विष चढल्यावर देतात तेच हे औषध. पोरीच्या डोळ्याला काही झालं तर नाही ना? पुन्हा लावू का?
— एक आई, घाटंजी तालुका

उत्तर : ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. आपल्या मनाने पुन्हा लावू नका. ज्यांनी औषध दिलं त्यांना आजच फोन करा आणि तोंड लाल झालं, अंग गरम लागलं, हे दोन्ही सांगा. किती वेळा लावलं आणि कधी थांबलं तेही खरं खरं सांगा. ट्यूब फेकली म्हणून डॉक्टर रागावतील, या भीतीने पुष्कळ आया “सगळं लावलं” म्हणून सांगतात आणि मग चष्म्याचा नंबर चुकतो. सासूबाईंवरही रागावू नका. नातीचे डोळे असे अचानक काळे पडलेले पाहून कोणतीही आजी घाबरेल.

आता डोळ्याचं. मोठी बाहुली, उन्हाचा त्रास आणि जवळचं धूसर दिसणं ही तिन्ही औषधाने काम केल्याची खूण आहे. डोळ्यात दोन लहान स्नायू असतात. एक बाहुली आवळतो, दुसरा जवळचं पाहताना आतलं भिंग फुगवतो. अ‍ॅट्रोपीन त्या दोघांनाही काही दिवस सुटी देतं. लहान पोरांचा हा भिंगाचा स्नायू इतका जोरकस असतो की डोळ्यात दडलेला मोठा अधिक नंबरही तो ताण देऊन झाकून टाकतो. याच ताणाने अनेक मुलांचा डोळा नाकाकडे ओढला जातो. बैलाच्या खांद्यावरचं जू उतरवल्याशिवाय खाली किती सोललंय ते दिसत नाही, तसंच हे आहे. स्नायू सैल पडला की खरा नंबर सापडतो, आणि अशा काही मुलांचा तिरळेपणा केवळ चष्म्यानेच सरळ होतो, ऑपरेशनची पाळी येत नाही. तुमच्या मुलीचं तसं असेल की नाही हे तपासल्यावरच कळेल. पण तपासायचं सोडू नका, एवढं मी हात जोडून सांगते. सहा वर्षांचं वय आहे, वेळ अजून हातात आहे.

बाहुली पूर्ववत व्हायला सात ते चौदा दिवस लागतात. आपल्याकडचे डोळे गडद रंगाचे. तो रंग औषध धरून ठेवतो, त्यामुळे असर उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो. तोवर डोक्यावर टोपी आणि साधा गॉगल द्या. शाळेत मास्तरांना चिठ्ठी द्या, की दोन आठवडे फळ्यावरचं दिसेल पण वहीतलं दिसणार नाही, रागावू नका. रस्त्यावर एकटीला सोडू नका.

मेडिकलवाल्याने सांगितलं ते खरं आहे, पण अर्धवट सांगितलं. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक अंगात गेलं की नसांमधला एक निरोप थांबायचं नावच घेत नाही. तोंडाला लाळ, अंगभर घाम, छातीत कफ, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. अ‍ॅट्रोपीन तोच निरोप अडवतं. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना कितीतरी शेतकरी आणि मजूर विषबाधेने आजारी पडले, काहींचे जीव गेले. त्या दिवसांत मलाही डोळे पाहायला बोलावत. छाती मोकळी होईपर्यंत शिरेतून अ‍ॅट्रोपीन चाललेलं असायचं आणि खाटेवरच्या माणसाच्या बाहुल्या तुमच्या मुलीसारख्याच मोठ्या झालेल्या असायच्या. डोळ्यात हेच औषध तोच निरोप अडवतं, फक्त त्या दोन स्नायूंपुरता. (हे वाचून कोणी फवारणी लागलेल्या माणसाच्या तोंडात डोळ्यांचे थेंब टाकू नका. कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि 108 ला फोन करा. सगळ्याच कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपीन चालत नाही, म्हणून डब्यावरचं नाव डॉक्टरांना दिसलं पाहिजे.)

आणि आता तुमच्या मुलीचं तोंड लाल झालं, त्याबद्दल. ही गोष्ट मी हलक्यात घेणार नाही, कारण एकदा माझ्याच हातून चूक झाली आहे. दवाखाना सुरू केला त्या पहिल्याच वर्षी, मे महिन्यात, एका चार वर्षांच्या पोराला मी एक टक्क्याचे थेंब लिहून दिले. कागदावर लिहिलं आणि तोंडाने सांगितलं, पण एकदाही करून दाखवलं नाही. घरी बापाने चांगल्या भावनेने दर वेळी दोन-तीन थेंब सोडले, पोरगं रडलं म्हणून सगळे वाहून गेले असतील असं समजून पुन्हा सोडले. रात्री दहाला ते पोराला उचलून घेऊन आले. अंग तव्यासारखं तापलेलं पण घामाचा टिपूस नाही, तोंड लालभडक, जीभ कोरडी, नाडी धावत होती. पोरगं हवेतलं काहीतरी पकडत होतं आणि आईला ओळखत नव्हतं. मी स्वतः त्याच्यासोबत रुग्णालयात गेले. ओल्या फडक्यांनी अंग पुसत, सलाईन लावून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आईकडे पाणी मागितलं तेव्हा मला श्वास आला.

त्या रात्रीनंतर मी हिशोब पाठ करून ठेवला आहे. एक टक्क्याच्या एका थेंबात साधारण अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅट्रोपीन असतं. विषबाधेच्या रुग्णाला शिरेतून देतात त्या एका अ‍ॅम्पूलमध्ये 0.6 मिलिग्रॅम असतं. म्हणजे एक थेंब जवळजवळ एका इंजेक्शनाएवढा, आणि डोळ्यातलं जास्तीचं औषध नाकाशेजारच्या नळीतून नाकात आणि तिथून रक्तात जातं. त्यात अ‍ॅट्रोपीन घाम बंद करतं. आपल्या विदर्भात, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथे ज्या पोराला घाम येत नाही ते पोरगं उष्माघाताच्या दारात उभं असतं. म्हणून मी आता लहान मुलांना शक्यतो थेंबांऐवजी मलम देते, ते रक्तात कमी जातं. तातडीचं नसेल तर उन्हाळ्यात हे औषध टाळते, पावसाळ्यानंतर या म्हणते. आणि पहिलं बोट माझ्यासमोर लावून घेते.

डॉक्टरांनी पुन्हा सुरू करायला सांगितलंच तर लावायची रीत अशी : हात धुवा, खालची पापणी ओढून झोळी करा, त्यात तांदळाच्या एका दाण्याएवढं मलम. थेंब असतील तर एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा, म्हणजे ती नळी बंद राहते. बाहेर आलेलं पुसून टाका आणि तुमचे नि पोरीचे, दोघींचे हात पुन्हा धुवा. तपासणीच्या दिवशी सकाळी मलम लावू नये. अंग तापलं, तोंड लाल झालं, पोरगी बडबडायला लागली किंवा लघवी अडली, तर पुढची मात्रा नाही, सरळ दवाखाना. मूल आधीपासून आजारी असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा डाऊन सिंड्रोम असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा, अशा मुलांना औषध लवकर चढतं.

प्रश्न : माह्या नातवाचा उजवा डोळा कमजोर हाये, वय सात. चष्मा लागला. आता डाक्टरनं डाव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यात शनिवार-रविवार अ‍ॅट्रोपीन टाकाले सांगतलं. घरात सारे म्हन्तात का डाक्टर चुकला, आजारी डोळा सोडून चांगल्यात औषध कायले? पोराचा चांगला डोळाही जाईन. मी टाकू का नको?
— एक आजोबा, दारव्हा

उत्तर : आजोबा, टाका. तुमचा डॉक्टर चुकलेला नाही, आणि औषध टाकायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत.

नातवाच्या उजव्या डोळ्यात आजार नाही, त्या डोळ्याला कामाची सवय नाही. मेंदूने लहानपणापासून डाव्या डोळ्याचंच ऐकलं आणि उजव्याचं चित्र बाजूला ठेवलं. आम्ही त्याला आळशी डोळा म्हणतो. जोडीतला एक बैल सारी ओढ घेत असेल तर दुसरा नुसता चालत राहतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. डाव्या डोळ्यात अ‍ॅट्रोपीन टाकलं की त्याला जवळचं धूसर दिसतं. मग पाटी, गोट्या, ताटातली भाजी पाहायला मेंदूला उजव्या डोळ्याकडे वळावंच लागतं.

हे काम पट्टीनेही होतं. पण आमच्याकडची पोरं पट्टी शाळेच्या वाटेवरच काढून टाकतात, मित्र चिडवतात, घामाने चिकटत नाही. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका गटाने 2002 मध्ये 419 मुलांवर पट्टी आणि अ‍ॅट्रोपीन यांची तुलना केली. मध्यम कमजोरी असलेल्या, सात वर्षांखालच्या त्या मुलांत सहा महिन्यांनी दोन्हींचा गुण जवळपास सारखा आला. 2004 मध्ये त्याच गटाला दिसलं की रोज टाकलं काय आणि शनिवार-रविवार टाकलं काय, सुधारणा जवळपास तेवढीच. म्हणून तुमच्या डॉक्टरने दोनच दिवस सांगितले. डाव्या डोळ्याची बाहुली आठवडाभर मोठीच राहील, घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा.

पण दोन गोष्टी सोडू नका. चष्मा रोज, दिवसभर, कारण चष्म्याशिवाय हे औषध वाया जातं. आणि डॉक्टरने दिलेली तारीख. चांगल्या डोळ्याची नजर अधूनमधून मोजून पाहावी लागते, क्वचित तीही थोडी उतरते आणि तेव्हा औषध थांबवावं लागतं. पेरणीचे दिवस आहेत म्हणून तपासणी पुढे ढकलू नका, आजोबा. नातू आठ-नऊ वर्षांचा झाल्यावर हा डोळा वळवणं अवघड होत जातं.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझ्या मुलाचा वजा नंबर दर वर्षी वाढतो. कमी ताकदीच्या अ‍ॅट्रोपीनने तो थांबतो असं ऐकलं. घरी एक टक्क्याची बाटली आहे, ती पाणी घालून पातळ केली तर चालेल का?
— दिग्रस

उत्तर : नाही. घरातल्या पाण्यात जंतू असतात आणि थेंबातलं प्रमाण तुम्हाला मोजता येणार नाही. डोळ्यात जंतुसंसर्ग झाला तर नंबरापेक्षा मोठं संकट उभं राहील.

तुम्ही ऐकलं ते मात्र बरोबर आहे. सिंगापूरमध्ये 400 मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2012 मध्ये आले आणि 0.01 टक्के, म्हणजे तुमच्या बाटलीच्या शंभराव्या हिश्शाएवढं औषध चर्चेत आलं. पुढे हाँगकाँगच्या अभ्यासात 0.05 टक्क्याचा गुण 0.01 पेक्षा जास्त दिसला. या औषधाने नंबर वाढण्याचा वेग कमी होतो, आलेला नंबर उतरत नाही. चष्मा सुटेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तयार, सीलबंद, कमी ताकदीचे थेंब मिळतात. ते डॉक्टरांनी मुलाचा नंबर आणि डोळ्याची लांबी पाहून द्यायचे असतात, दीड-दोन वर्षं रोज रात्री टाकायचे असतात आणि एकदम बंद करायचे नसतात. शिक्षिका आहात म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. वर्गातल्या ज्या पोरांना अजून चष्मा लागला नाही, त्यांना रोज उजेडात, मैदानात खेळू द्या. घर आणि शाळा मिळून दिवसाला दोनेक तास उघड्यावर गेले तर वजा नंबर उशिरा लागतो, हे अनेक ठिकाणी तपासलं गेलं आहे.

प्रश्न : सोयाबीन काढताना थ्रेशरचं कुटार माझ्या डोळ्यात गेलं, जखम झाली. डॉक्टरांनी नाटामायसिन आणि सोबत दिवसातून तीनदा अ‍ॅट्रोपीन दिलं. आता बरं आहे. अर्धी बाटली उरली. आईचा डोळा लाल झाला आहे, तिला टाकू का?
— एक शेतकरी, आर्णी

उत्तर : भाऊ, टाकू नका, आणि ती बाटली आजच फेकून द्या.

तुमच्या जखमेत बुरशी वाढत होती, तिच्यावर नाटामायसिन होतं. अ‍ॅट्रोपीनने आतला आवळलेला स्नायू सैल केला म्हणून तुमचा ठणका थांबला. डोळ्याच्या आत सूज येते तेव्हाही आम्ही ते देतो, बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटू नये म्हणून. लाल डोळ्याचं औषध म्हणून ते कधीच नसतं.

तुमच्याच प्रश्नासारखं घडलेलं मी पाहिलं आहे. साठीच्या एका बाईंना मुलाने आपली उरलेली बाटली दिली, डोळे आले असतील म्हणून. काही वयस्कर माणसांच्या, त्यातही अधिक नंबर असलेल्या बायकांच्या डोळ्यात पाणी वाहून जायची जागा मुळातच अरुंद असते. बाहुली पसरली आणि ती जागा बंद पडली. रात्रभर अर्धं डोकं फुटल्यासारखं दुखत होतं, उलट्या झाल्या. घरच्यांनी पित्त समजून लिंबू-सोडा पाजला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या तेव्हा डोळा दगडासारखा कडक, बुबुळ धुरकट. याला काचबिंदूचा झटका म्हणतात. दाब उतरवला, नंतर लेझरने भोक पाडून पाण्याला वाट करून दिली, पण गेलेली नजर सगळी परत आली नाही. त्या बाई अजून येतात. एका हाताने भिंत धरून चालतात.

आईला दवाखान्यात न्या. दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील किंवा उलटी होत असेल तर आज रात्रीच न्या. आणि बाटलीचं म्हणाल तर तिच्या पाच मिलिलिटरमध्ये पन्नास मिलिग्रॅम औषध असतं. घरात रांगतं पोर असेल तर त्याच्या जिवावर बेतायला त्याहून कितीतरी कमी पुरतं. कोनाड्यात, देव्हाऱ्याशेजारी, माठाजवळच्या फळीवर, जिथे सापडेल तिथून काढा. चालू असलेली बाटलीही कुलपात ठेवा आणि उघडून महिना झाला की टाकून द्या. औषध टाकलेल्या माणसाने मोटारसायकल चालवू नये, हेही लिहून ठेवते, कारण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तरी सुगीच्या घाईत कोणी ऐकत नाही.

प्रश्न : धोतऱ्यातही हेच औषध असतं का? महाशिवरात्रीला आम्ही फुलं-फळं तोडतो. डोळ्याला हात लागला तर?
— एक वाचक, पांढरकवडा

उत्तर : हो. अ‍ॅट्रोपीन आणि त्याची भावंडं धोतऱ्याच्या पानापासून बीपर्यंत सगळीकडे असतात. तोडल्यावर साबणाने हात धुवा आणि फळं पोरांच्या हाती खेळायला देऊ नका. त्यातलं बी पोटात गेलं तर वर सांगितलेल्या त्या चार वर्षांच्या पोरासारखीच अवस्था होते. अशा वेळी उलटी काढत बसू नका, दवाखान्यात न्या.

डोळ्याला चोळलं गेलं तर त्या एकाच डोळ्याची बाहुली मोठी होते. धुऱ्यावरचं गवत काढणारे एक गृहस्थ तसेच माझ्याकडे आले होते. डावी बाहुली प्रचंड, उजवी नेहमीची. घरच्यांना कोणीतरी मेंदूत रक्तस्राव असेल म्हणून नागपूरला जायला सांगितलं होतं. अचानक एक बाहुली मोठी झाली तर हा संशय घेणं योग्यच, आणि डोकं दुखत असेल, पापणी पडली असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर एक मिनिटही थांबू नये. पण या गृहस्थांचं बोलणं स्वच्छ, पापणी जागेवर, डोळा चारी दिशांना फिरत होता. मी एक टक्क्याच्या पायलोकार्पिनचा, म्हणजे बाहुली आवळणाऱ्या औषधाचा, थेंब दोन्ही डोळ्यांत टाकला. अर्ध्या तासाने उजवी बाहुली आवळली, डावी तसूभरही हलली नाही. मेंदूच्या दुखण्यात ती आवळायला हवी होती, औषधाने अडवलेली बाहुलीच अशी हटून बसते. मी विचारलं, धुऱ्यावर काय काय उपटलं? त्यांनी आठवून एकेक झाड सांगायला सुरुवात केली. धोतऱ्याचं नाव पाचवं आलं.